सोनपेठचा चित्तरपट

सिद्धोधनमामांना सिनेमाला नेऊ नये, हे मला परभणीच्या टॉकीजमध्ये कळलं. सिनेमा एका शोधपत्रकाराचा होता आणि मामा आमच्या सोनपेठचे पत्रकार. वाटलं, खूश होतील.

हिरोनं फोन केला की पलीकडचा लगेच सगळं सांगायचा. मामा पुटपुटले, "आमच्याकडं तर आधी 'मीटिंगमधी हाय' म्हनत्यात." हिरोच्या अंगावर ट्रक आला तेव्हा मी दचकलो, मामा हसले. मागं एका बातमीनंतर त्यांच्या स्कुटीची हवा कोणीतरी सोडली होती, रोज, आठवडाभर. धमकीची आमची ऐपत तेवढीच. मामांनी त्यावर उपाय म्हणून हातपंप घेतला आणि पुढचा भाग छापला.

शेवटी हिरोनं, ज्या बाईनं त्याला गुपचूप माहिती दिली होती तिलाच सगळ्यांसमोर उभं केलं. टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. मामा ताडकन उठले.

"टाळ्या काय वाजवायलाव? उद्या तिला कामावर कोन ठेवंल?"

मागून आवाज आला, "खाली बसा की काका, तुमचं डोकं दिसायलंय नुसतं!"

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला गंगाखेड येईपर्यंत ऐकवलं. माहिती देणाऱ्याचं नाव म्हणजे ठेव असते, ती मोडायची नाही. मी मान डोलवत झोपलो.

महिन्याभरात मामांनी स्वतःच ती ठेव मोडता मोडता राखली.

गावाबाहेर रंगनाथरावांचं मुलांचं खाजगी वसतिगृह आहे. तिथं स्वयंपाक करणाऱ्या सरजाबाईंनी मामांना सांगितलं, की डाळीत अळ्या असतात आणि वर बोलू देत नाहीत. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मामा चार वेळा वसतिगृहात गेले, तेव्हा कुठं त्यांना कोठीघरात जाता आलं. पोत्याचे फोटो काढले, पोरांशी बोलले, रंगनाथरावांची बाजूही विचारली. ते मीटिंगमध्ये होते. मग बातमी आली. सरजाबाईंचं नाव नव्हतं. बाई की पुरुष तेही कळू नये म्हणून मामांनी लिहिलं होतं: "'खाण्याचा नुसता चित्तरपट झालाय,' असे एका जाणकाराने सांगितले."

दुसऱ्या दिवशी सरजाबाई तोंडाला पदर लावून मामांच्या दारात. मी तिथंच चहा पीत होतो.

"भाऊ, नाव झाकलं तुमी, अन् तोंड उघडंच ठिवलं की वो!"

मामांना कळेना.

"चित्तरपट म्हनतंय का कोनी सोनपेठात? म्या एकटीच म्हनते. दूध उतू गेलं तरी चित्तरपट, जावयानं तोंड फिरवलं तरी चित्तरपट. रंगनाथरावानं सगळ्या बायांना बोलवलं, कोन म्हनतं म्हनून विचारायलाय. माझ्यासंगच्या दोघी गप बसल्या. किती दिवस बसतील?"

मामांचा चेहरा एवढासा झाला. त्या गेल्यावर मी म्हणालो, "सोप्पंय. उद्या खुलासा छापा, की हे एका मास्तरनं म्हटलं होतं."

"म्हटलं का मास्तरनं?"

"न्हाई."

"मग न्हाई छापायचं."

मामा उठले आणि थेट बसस्टँडवरच्या हॉटेलात गेले. चहाचा घोट घेऊन मोठ्यानं म्हणाले, "चहाचा पार चित्तरपट केलास की रं, बन्सीधर!" लोक हसले. मग न्हाव्याकडं केसांचा चित्तरपट, बाजारात मेथीचा चित्तरपट, एसटीच्या कंडक्टरसमोर वेळापत्रकाचा. दाढी झालेली असतानाही मामा दाढीला जाऊन बसायचे. मला वाटलं, माणूस गेला हातातून.

पण शब्द चिकट निघाला. पंधरवड्यात पोरंटोरं क्रिकेटमध्ये बाद झाली तरी चित्तरपट म्हणायला लागली. आणि लोक खरंच म्हणतायत म्हटल्यावर मामा खरंच छापायला लागले. बसस्थानकाचा चित्तरपट, प्रवाशांची तक्रार. बाजारतळाचा चित्तरपट, भाजीवाल्या संतप्त. परभणीहून संपादकांचा फोन आला, "सिद्धोधन, तुमच्या तालुक्यात दुसरा शब्द नाही का?"

"न्हाई साहेब. आमच्याकडं असंच बोलत्यात."

हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

शेवटी एका सकाळी रंगनाथराव स्वतःच हॉटेलात आले. मामांच्या टेबलावर पेपर आपटला. तपासणीला माणसं येऊन गेली होती, डाळ बदलावी लागली होती.

"सिद्धोधन, माझ्या संस्थेचा पार चित्तरपट करून टाकला तुमी!"

बन्सीधरची किटली हवेतच थांबली. मामांनी खिशातून पेन काढलं.

"ही तुमची प्रतिक्रिया म्हनून छापू का, रंगनाथराव? लय दिवस झाले, मागायलोय."

आधी बन्सीधर हसला, मग सगळं हॉटेल. रंगनाथरावांना आपण काय बोललो ते कळलं, तसे ते स्वतःही ओशाळं हसले आणि निघून गेले. त्यानंतर वसतिगृहात शब्दाची चौकशी झाली नाही. कोणाकोणाला विचारणार?

सरजाबाई अजून तिथंच आहेत. परवा बाजारात भेटल्या, मामांवर चिडलेल्या.

"भाऊ, काम ऱ्हायलं ते ठीक. पर माझा शब्द समद्या गावानं नेला. आता दूध उतू गेल्यावर म्या काय म्हनू?"

मामा विचारात पडले. मी त्यांना हाताला धरून पुढं नेलं, नाहीतर नवीन शब्द शोधायला त्यांनी पुन्हा चार फेऱ्या मारल्या असत्या.