उजव्या खांद्यावरची कळी

ज्याने माझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं, त्याचं लग्न मोडायला मी निघाले होते, आणि त्या कामाला मी आमच्या ग्रामदेवीला जुंपणार होते. हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही. वाटायला हवी असं आमच्या घरातले लोक म्हणतात, म्हणून मी ही गोष्ट शक्यतो त्यांच्यासमोरच सांगते.

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. रत्नागिरीपासून तीन मैलांवर आमचं गाव. तो आमच्याच गावचा, खालच्या वाडीतला, मुंबईत गोदीच्या कचेरीत कारकून. साखरपुडा होऊन पावणेदोन वर्षं झाली होती. दर पंधरवड्याला त्याचं पत्र यायचं आणि मी ते तांदळाच्या कणगीमागे बसून वाचायचे. मग एक पत्र माझ्याऐवजी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाने आलं. चार ओळींचं. मुंबईतच दुसरीकडे जमलं आहे, मुलगी शिकलेली आहे, गैरसमज नसावा. आबांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि गुरांना पाणी दाखवायला गेले. माणूस इतका गरीब, की गैरसमज करून घेणंही त्यांना जमलं नाही.

तो सगळा मी करून घेतला.

पहिल्या महिन्यात रडले. दुसऱ्या महिन्यात साखरपुड्याचं लुगडं परत पाठवलं. नीट घडी घालून पाठवलं, फक्त घडीच्या आत आंब्यावरच्या तांबड्या मुंगळ्यांचं पानांचं घरटं ठेवलं. अख्खं, नांदतं. त्याच्या आईने ते माजघरात चार बायकांसमोर उलगडलं. बाई नंतर आठ दिवस विहिरीवर आली नाही, आणि आली तेव्हा तिचा एक कान सुजलेला होता. मला फार बरं वाटलं. पण संध्याकाळपर्यंतच.

कारण माझा खरा राग निराळीकडे होता. आमच्याकडे लग्न ठरवण्याआधी देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या लग्नाला कौल लावला तेव्हा गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आत उजवी पडली होती. मी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे हिने हो म्हटलं, मी दीड-पावणेदोन वर्षं हिच्या शब्दावर बसून राहिले, आणि पुढे हे असं. त्या पत्रानंतर मी देवीशी बोलणं टाकलं. देवळासमोरून जाताना मान वळवून चालायचे, एखाद्या भावकीतल्या बाईशी भांडण असावं तशी.

आणि माघात निरोप आला, की खालच्या वाडीतली मंडळी मुलाच्या नव्या लग्नासाठी कौल लावणार आहेत.

आता गंमत बघा. आमच्या देवळात प्रत्येक घराचा एकेक मान ठरलेला. कुणाचा पालखीचा, कुणाचा निशाणाचा. आमच्या घराचा मान कौलाच्या कळ्या देण्याचा. त्याही कुणी खुडायच्या, तर घरातल्या बिनलग्नाच्या मुलीने. त्याने माझ्याशी लग्न केलं असतं तर हे काम धाकट्या बहिणीकडे गेलं असतं. त्याने केलं नाही, म्हणून त्याच्या लग्नाच्या कळ्या माझ्या हातात आल्या.

आबा चाचरत म्हणाले, "नको वाटत असलं तर धाकटीला सांगू."

"कशाला? मोठी आहे ना घरात अजून," मी म्हटलं. "मान आहे आपला."

आबांना भरून आलं. मुलगी किती समंजस आहे असं त्यांना वाटलं. बिचारे आबा.

सकाळी उठून मी परसातल्या कोवळ्या फणसाच्या देठाला विळीचं टोक मारलं आणि करवंटीत चीक धरला. फणसाचा चीक ज्याच्या हाताला लागला आहे त्याला सांगायला नको. पाण्याने तो अधिकच चिकटतो, जातो फक्त तेलाने. तगरीच्या कळ्या खुडल्या. रिवाजाप्रमाणे हळदीच्या दोन पानांवर मांडल्या, उजव्यासाठी एक पान, डाव्यासाठी एक. डाव्या पानावरच्या कोऱ्या. उजव्या पानावर एकच कळी वर ठेवली, टपोरी, आणि तिच्या पाठीला चिकाचा सढळ ठिपका. ही जागची हलली असती तर मी मिशी लावून हिंडले असते. मग खोबरेल तेलाने हात चोळले आणि, वाटेत पुन्हा लागलं तर असावं म्हणून, तेलाची लहान बाटली ओच्यात खोवली.

देवळात पंचवीस-तीस माणसं होती. तो मुंबईहून आला होता, पांढरी पँट घालून. त्याची आई लांब बसली होती, माझ्या हातातल्या तबकाकडे संशयाने पाहत. मुंगळ्यांनंतर माझ्याकडून आलेली कुठलीही वस्तू ती तशीच पाहायची. गुरवकाकांनी तबक घेतलं. उजव्या पानावरची कळी उचलताना ते क्षणभर थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. पाठ करून गाभाऱ्यात वळले आणि कळ्या लावून बाजूला झाले.

"बाय माझे आई, ह्या घरच्या लेकराचं मुंबैस लग्न जुळलंय, तुझ्या मनास असेल तर उजवी दे—"

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

डावी पडली. टप्प.

मला वाटलं, मी आनंदाने तिथेच फुगडी घालीन. त्याच्या आईचा हात गळ्याकडे गेला. त्याने पँटची इस्त्री चाचपली. गुरवकाकांनी डावीकडे दुसरी कळी लावली.

"आई, पुन्हा इचारतो. काय चुकलंमाकलं असेल—"

पुन्हा डावी. टप्प.

मी मनात म्हणत होते, घे, आणखी घे. पण मी एक गोष्ट विसरले होते. आमच्याकडे दोनदा नकार आला की गुरव तिथेच सोडत नाही, कारण विचारतो. गुरवकाकांनी तिसरी कळी लावली आणि आवाज चढवला, "ह्या घराकडून कुणाचं मन दुखावलंय काय? असेल तर डावी दे."

"व्हय महाराजा."

डावी पडली, आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं.

आता रिवाज असा, की ज्याचं मन दुखावलं त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि चुकलं म्हणायचं. त्याने मोकळ्या मनाने क्षमा केली की उजवी पडते. नाही पडली, तर क्षमा करणाराच खोटा. हे माझ्या डोक्यात आता शिरलं. उजवी पडणार नव्हती. ती न पडण्याची तजवीज मी स्वतः केली होती.

पण त्याआधी जे झालं ते मी कुठल्याही भीतीपायी सोडलं नसतं. तो नारळ घेऊन माझ्यासमोर आला. खाली बघून पुटपुटला, "चुकलं माझं."

"मागे ऐकू आलं नसेल," मी म्हटलं.

"चुकलं माझं."

"तुमच्या मातोश्री लांब बसल्या आहेत. त्यांचा एक कान अजून सुजलेला आहे म्हणतात."

कुणीतरी हसलं. आबा कासावीस होऊन म्हणाले, "पुरे गो." पण तो लाल झाला आणि मोठ्याने, अगदी गोदीतल्यासारखा ओरडून म्हणाला, "चुकलं माझं. मी तुझ्याशी वाईट वागलो. पत्र आबांना लिहिलं, तुला लिहायची हिंमत नव्हती."

हे शेवटचं कुणी त्याला सांगायला सांगितलं नव्हतं. माझी पुढची तीन वाक्यं तयार होती, ती मी सोडून दिली. मी नारळ घेतला.

"बोल बाये," गुरवकाका म्हणाले.

"माझ्या मनात काही नाही," मी म्हटलं.

कळी जागच्या जागी.

"मनापासून बोल गो."

"म्हटलं ना, काही नाही."

कळी ढिम्म. त्याची आई शेजारणीच्या कानाला लागली. गुरवकाकांनी मला जवळ बोलावलं आणि ओठ न हलवता विचारलं, "तेल हाय?"

मी ओच्यातल्या बाटलीवर हात ठेवला. माझ्या नखांत काळा चीक होता आणि ते तिकडेच पाहत होते. मग मोठ्याने म्हणाले, "आईला तेल घालायचं ऱ्हायलंय. मानकरी घरची मुलगी घालील."

मी बाटली काढली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले. पत्र आल्यापासून इतक्या जवळ गेले नव्हते. बाटली उपडी केली. माघातली थंडी, तेल गोठून पांढरं झालेलं. थेंब पडेना. बुडावर थापट्या मारल्या, तरी पडेना. मागे सगळं गाव, पुढे ती, आणि मध्ये मी बाटली बडवतेय. शेवटी मी तिच्याशी बोलले. क्षमाबिमा नाही, तितकी मी मोठी कधीच नव्हते. मनात म्हटलं, बाई, तू मला उजवी दिलीस आणि हे झालं. मला फार लागलं आहे. आता मी दमले. जाऊ दे त्याला. त्याच्या बायकोचं काय वाटोळं व्हायचं ते आपोआप होईल, मी हात लावणार नाही.

बाटली अजून गोठलेलीच होती. कळी पडली.

मंडळी "व्हय महाराजा" म्हणाली आणि मी रडायला लागले. लोकांना वाटलं, दुःखाने. मला वाटलं, चीक वाळून सुटला म्हणून सुटकेने. काहीही असो, त्या रात्री मी सहा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले.

त्यानंतर शिमग्याची गोष्ट. पालखी आमच्या अंगणात आली होती आणि मी गुरवकाकांना पाणी दिलं. ते ओटीवर टेकले, तेव्हा त्यांच्या देवळातल्या सोवळ्या धोतराच्या काठावर बोटभर काळा डाग दिसला. फणसाच्या चिकाचा. कापडावरून तो जन्मात जात नाही.

"काका, हा डाग कसला?"

"तुजा हाय तो," ते पाणी पिता पिता म्हणाले. "कळी उचलली तेवाच पुसला. आईच्या अंगाला चीक लावतंय व्हय मी?"

"सगळा?"

"सगळा. पुसला आन कळी पाण्यानं लावली, नेमाप्रमाणं. तेल मागितलं ते तुला आईम्होरं धाडायला."

मी खांबाला टेकले. म्हणजे त्या तीन डाव्या माझ्या कारस्थानाने पडल्या नव्हत्या. तो नकार तिचा होता. मी बोलणं टाकून मान वळवून चालत होते तेव्हाही ती माझ्या बाजूने रागावून बसली होती, आणि माझ्या तोंडून खरं निघेपर्यंत तिने उजवी सोडली नाही. पहिल्या वेळची ती घाईची उजवी का दिली होतीस, हे मी तिला अजून अधूनमधून विचारते. उत्तर येत नाही. पण आता आमचं बोलणं आहे.

दुसऱ्या वर्षी माझंही लग्न झालं, आणि कळ्या धाकटीकडे गेल्या.

एक सांगायचं राहिलं. कौलात एकदा नारळ ठेवला की पुढे दर शिमग्याला त्या घराने दुखावलेल्या माणसाला एक नारळ पाठवायचा असतो, आयुष्यभर. त्याचा अजून येतो. त्याला टक्कल पडलंय म्हणतात. बायको चांगली निघाली, हे मला कळवायची काही गरज नव्हती. नारळ आला की मी आधी देवीला दाखवते. मग परसातल्या जांभ्या दगडावर स्वतःच्या हाताने फोडते. एका घावात फुटतो, पण मी दोन घालते.