घरचा पत्ता, बाहेरून

तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वेबसाइटवर कुणीतरी खोट्या नावांनी अभिप्राय टाकत होतं. 'बाईंना स्वतःलाच क्लच कळत नाही.' 'शिकवतात कमी, ओरडतात जास्त.' नावं वेगळी, भाषा एकाच तोंडची. शिकायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. दोनपैकी एक गाडी दिवसभर दारात उभी राहू लागली.

तिचा संशय समोरच्या स्कूलच्या मालकावर होता. "सापडू दे मेला, भर रस्त्यात सोलते," ती घरी म्हणायची.

"सोडू नकोस," घरूनच भाषांतराची कामं करणारा नवरा म्हणायचा.

स्कूल काढण्याआधी ती प्रोग्रामर होती, वेबसाइट तिनेच बांधलेली. प्रत्येक अभिप्रायामागे लिहिणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता नोंदला जायचा. पण नुसत्या आकड्यांवरून माणूस कसा ओळखायचा?

उत्तर भलत्याच कामातून मिळालं. घरचा कॉम्प्युटर तिला स्कूलच्या ऑफिसातून वापरायचा होता आणि त्यासाठी घराचा बाहेरचा पत्ता हवा होता. तो खुद्द कॉम्प्युटरलाच ठाऊक नसतो. त्याला राउटरने दिलेला घरातला नंबर तेवढा माहीत. जगाला मात्र घरातली सगळी यंत्रं एकाच पत्त्याची दिसतात, एका आडनावाची असावीत तशी. त्यात तो पत्ता अधूनमधून बदलतो. म्हणून तिने एक छोटा प्रोग्राम लिहून घरच्या कॉम्प्युटरवर बसवला. त्याने बाहेरच्या सर्व्हरला विचारायचं, 'मी तुला कुठून बोलताना दिसतो?' आणि मिळालेलं उत्तर ऑफिसात कळवायचं.

पहिलं उत्तर आलं. नुकताच पडलेला अभिप्राय त्याच पत्त्यावरून आला होता. घरात माणसं दोनच, आणि त्यातली ती ऑफिसात बसलेली.

ती भांडली नाही. वेबसाइटमध्ये चार ओळी वाढवल्या: प्रोग्रामने कळवलेल्या पत्त्यावरून अभिप्राय आला, की खोट्या नावाऐवजी 'संचालिकेचा नवरा' छापायचं. फक्त घरून बघणाऱ्याला जुनंच नाव दाखवायचं.

मग जेवताना ती चिथावू लागली. "आज काहीच नाही. दमला वाटतं बिचारा." दुसऱ्या दिवशी दोन यायचे.

शेवटी नणंदेचा त्याला फोन आला. "दादा, हे काय लिहून बसलायस? माझ्या ऑफिसात खो-खो हसतायत सगळे!"

तो तडक स्कूलमध्ये आला. "काढ ते."

"काय काढू? मजकूर की नाव?"

"नाव! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"माझं तोंड कुठे गेलं होतं? ती गाडी बघ, धूळ खातेय."

"तू मला गाडी शिकवताना सगळ्यांसमोर माठ म्हणालीस."

"मग मला तोंडावर बोलायचं होतंस. घरात सोडू नकोस म्हणायचं आणि मागून हे?"

तो खुर्चीत बसला. "बरं, चुकलं. आधीचं सगळं खोटं होतं असं लिहितो. दे कॉम्प्युटर."

"इथून नको," ती म्हणाली. "घरी जाऊन लिही. तिथून नाव आपोआप पडतं."

संध्याकाळी कबुली आली. ती तिने सगळ्यात वर लावली. खालचा एकही अभिप्राय मात्र काढला नाही.