मस्तुराचा पडद्यावरचा संसार

मस्तुराला सासू मीच केली. ताश्कंदच्या स्टुडिओत मी रंगभूषा करायचे. सासूचं काम करणारी बाई ऐनवेळी आजारी पडली, तेव्हा दिग्दर्शक इस्कंदर अका, म्हणजे आमचे इस्कंदरदादा, म्हणाले, "हिचा आवाज जाड आहे, हिलाच म्हातारी करा." मस्तुरा तेव्हा तिथे छोटी-मोठी कामं करायची, तिशीचीही नव्हती.

चित्रपट तुफान चालला. सुनेनं दिलेला चहा अंगणात ओतून देणारी ती सासू घराघरांत पोचली. मग तिला दुसरं कामच मिळेना. तिनं डॉक्टरीण मागितली, मास्तरीण मागितली.

"लोक हसतील गं," इस्कंदर अका म्हणायचे.

नवरा अकाली गेलेला, पदरात शुहरत हा एकुलता एक मुलगा. नाही म्हणायची सोय नव्हती.

मोठेपणी शुहरतला निगोरा आवडली, तेव्हा मागणी घालायला मी मस्तुराबरोबर गेले. नान, मिठाई, सगळं रीतीनं नेलं. निगोराच्या आईनं चहा दिला, पण नानला हात लावला नाही. नान मोडली असती, तर सोयरीक पक्की झाली असती.

"तुम्ही चांगल्या असाल, बाई. पण माझी पोर लहानपणी तुम्हाला बघून रडायची. तिला तुमच्या घरात कशी पाठवू?"

"ते माझं काम आहे हो."

"असेल. पण इतकं हुबेहूब कुणी उगाच करतं का?"

नंतर मस्तुरानंच तोड काढली. घर मुलाला दिलं आणि स्वतः स्टुडिओजवळ एका खोलीत राहायला गेली. तेव्हा कुठे निगोराच्या आईनं नान मोडली.

लग्नानंतर निगोरा रविवारी पुलाव घेऊन यायची, खुर्चीच्या काठावर बसायची. एकदा मस्तुरानं सहज विचारलं, "मीठ विसरलीस का गं?"

पोरगी पांढरीफटक पडली. "चुकलं, आई," म्हणत तिनं ताटच उचललं. मस्तुरानं ते तिच्या हातातून परत घेतलं आणि मुकाट्यानं संपवलं. त्या दिवसापासून ती सुनेसमोर फक्त "छान झालंय" एवढंच म्हणते.

"ओपा," थोरल्या बहिणीला मारतात ती हाक मारून मस्तुरा परवा मला म्हणाली, "खरं सांगू? आता मोकळेपणानं बोलायला मिळतं ते सेटवरच. तिथल्या सुना घाबरत तरी नाहीत."

खाली शूटिंगला न्यायला गाडी आली होती. नव्या चित्रपटातही सासूच होती. तिनं शाल घेतली आणि जिना उतरली.