आखूड स्पोक

हे मी कोणाला बोललेले नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, देवापुढे बसते तेव्हाही नाही. त्याला माहीत असेल तर असो. तुला सांगते, कारण तू मध्ये बोलणार नाहीस.

आधी चाकांचं सांगते. तुला वाटेल, म्हातारी लांबण लावतेय. लावतेच आहे.

माझी नात ईशा. तिने माळ्यावरून आजोबांची रेसची सायकल खाली काढली. नुसती फ्रेम, चाकं कधीच गेलेली. पोरीला ती परत रस्त्यावर आणायची होती, आणि तीही जुन्या काळच्या चाकांवर. दोन महिने आमच्या मुलुंडच्या घरात दुसरा विषय नाही. सोफ्याला टेकून चाकं, टीव्हीला टेकून चाकं. सून म्हणाली, "पाहुणे आले तर बसवू कुठे, हबवर?"

एक जोडी चकचकीत, नव्या घडणीची. तिचा हब, म्हणजे स्पोक जिथून निघतात तो मधला भाग, एवढा रुंद की फ्रेमच्या मागच्या चिमट्यात बसेना. ईशा म्हणते, चिमटा जरा फाकवू. मी म्हटलं, "आधी तुझी हाडं फाकव." दुसरी जोडी परदेशी, दिसायला देखणी. पण तिला टायर चिकटवायचे. पंक्चर झालं की टायर उसवा, आतली ट्यूब काढा, परत शिवा. ते करणार कोण? मीच ना? तिसरी धड जोडीही नव्हती. भांडुपच्या कोणा म्हाताऱ्याकडून आणलेलं एक पुढचं चाक, आणि मागचा नुसता सुटा हब.

ते पुढचं चाक मी मांडीवर घेतलं. रिममधल्या व्हॉल्व्हच्या भोकाला डोळा लावला. हबवरची अक्षरं समोर दिसली. अगदी मधोमध.

ते चाक मी भरलेलं होतं.

स्टेशनजवळ आमचं सायकलचं दुकान होतं. हे पंक्चर, ब्रेक, गिऱ्हाईक बघायचे. चाकं आत बसून मी भरायचे. स्पोक ओवायचे, आवळायचे, मग आऊट काढायचे — म्हणजे फिरताना चाक जरासुद्धा डोलू द्यायचं नाही. शाळा चौथीपर्यंत, पण डोळा पक्का होता. हबवरची अक्षरं भोकासमोर आणायची ही माझी खोड. त्याने चाक काही जास्त पळत नाही. माझं नाव कुठे येत नव्हतं, म्हणून ती खूण. लोकांना वाटायचं, सगळं हेच करतात. ह्यांनी तसं कधी सांगितलं नाही — आणि तसं नाही, असंही कधी सांगितलं नाही.

आता येते मुद्द्यावर.

प्रभाकर म्हणून आमच्या गल्लीतला एक तरुण शर्यतीत उतरायचा. चांगला होता. त्या वर्षी पुढे निवड होईल असं सगळे म्हणत होते. त्याचं पुढचं चाक मी भरून दिलं, तेच हे. ते फिरवून बघितलं आणि तो ह्यांना म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातात जादू आहे." हे हसले. मी चहाचे कप घेऊन बाजूला उभी. हे नुसते हसले. "हिने केलंय" म्हणायला काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याचं मागचं चाक घेऊन बसले. रिम नवी, तिला जुने स्पोक आखूड पडत होते. एका बाजूचे तर निपलमध्ये, म्हणजे रिमकडच्या बारक्या नटात, दोन आट्यांवर कसेबसे धरलेले. मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. ह्यांना सांगून लांब स्पोक आणवायचे, एवढंच काम होतं. मनात आलं, जादू आहे ना हातात, मग चालू दे जादू. शब्द न् शब्द आठवतो. ह्यांनी विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं. मी बघितलंय." त्यांनी विश्वासाने चाक बसवलं, नट आवळले, देऊन टाकलं.

तो पडावा असं मला वाटत होतं का? चाक डोलावं, तो चिडून परत यावा आणि ह्यांना दोन शब्द सुनवावेत, एवढं नक्की वाटत होतं. तो परत आलाच नाही. शर्यतीत, घाटाच्या उतारावर, मागचं चाक चेपलं. खांदा मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. निवड गेली. त्यानंतर तो शर्यतीत उतरला नाही.

त्याची आई दुकानात आली. भर रस्त्यात ओरडली, "माझ्या पोराला काय बैलगाडीचं चाक घातलंत का हो?" हे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "चूक माझी आहे." मी आत होते. पडदा होता मध्ये. मी तो सरकवला नाही.

इतकी वर्षं वाटायचं ना, लोकांना कळावं चाकं कोण भरतं? कळायची वेळ ती होती.

अजून संपलं नाही. जेवताना ह्यांनी मला हळूच विचारलं, "स्पोक बरोबर होते ना गं?" मी म्हटलं, "बरोबर होते. तुम्हीच बसवताना काहीतरी केलं असेल."

त्यांनी ताटावरून हात उचलून बघितला. उजवा. मग जेवले.

पुढे त्यांनी शर्यतीची चाकं घेणं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, हातात राहिलं नाही आता. पंक्चरं काढली, हवा भरली, दुकान चाललं, मुलाचं शिक्षण झालं. संसार आमचा चांगला झाला, खोटं कशाला सांगू? हे जाऊन नऊ वर्षं झाली. जाईपर्यंत त्यांना तो आपलाच हात वाटत होता.

भांडुपचा तो म्हातारा म्हणजे प्रभाकर. पुढचं चाक त्याने एवढी वर्षं ठेवलं होतं. ईशाला म्हणाला, "तुझ्या आजोबांचं काम आहे. त्यांच्यावर माझा राग नाही, हे सांगायचं राहून गेलं. वहिनींना तेवढं सांग." ईशाने मला ते सांगितलं. मी चहा पीत होते. सगळा प्यायले.

मग तिला म्हटलं, हेच चाक घे, मागचं मी भरते. तिने तोंडाचा आ केला, "आज्जी, तुला येतं?" नवी रिम आणि दोनदा मोजून स्पोक आणवले. बोटं दुखतात आता, तीन दुपारी लागल्या, पण बसले की बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. अक्षरं भोकासमोर आणली.

रविवारी ती सायकल घेऊन खाली उतरली. वॉचमनने विचारलं, चाकं कोणी बनवली? मी गॅलरीत होते, ऐकलं. "पुढचं आजोबांनी," ईशा म्हणाली, "आणि मागचं आज्जीने." वर बघून हसली. मीही हसले.

चाकं सुरेख फिरतात, जरा डोलत नाहीत. भांडुप रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मी गेलेले नाही.