आजाऱ्याची गादी

वर्षाला चारशे कॅमेरे होणाऱ्या कारखान्यात कॅमेरा कानाने तपासायला एक माणूस ठेवता येतो. मोठ्या कंपन्या तेवढे कॅमेरे सकाळच्या चहाआधी करतात. त्यांना असले लाड परवडत नाहीत.

या माणसाला सगळे कानसेन म्हणत. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ते तीस वर्षं प्रत्येक कॅमेरा उजव्या कानाला लावत, डोळे मिटत आणि बटण दाबत. शटरचा पहिला पडदा उघडतो, दुसरा मिटतो. नीट मिटला तर आवाज कोरडा आणि एकच: चट्. स्प्रिंग ढिली असली तर दुसरा पडदा बसता बसता उसळतो आणि त्या ‘चट्’ला बारीकशी शेपटी फुटते. ती शेपटी कारखान्यात दुसऱ्या कुणाला ऐकू येत नसे. घरी मात्र बायकोने चार हाका मारल्या तरी हा कान हलत नसे. ‘‘तुमचं बटण कुठंय तेवढं सांगून ठेवा,’’ ती म्हणायची, ‘‘दाबून बघते.’’

पास झालेला कॅमेरा लगेच खोक्यात जाई. सोबत एक चिठ्ठी असे, ‘कानाने तपासला’, आणि खाली कानसेनांची सही. त्या चिठ्ठीसाठी गिऱ्हाइकं एका मोटारीएवढी किंमत मोजत. पुढे ती फोटो काढत की नाही, हा प्रश्न कारखान्यात कुणी विचारत नसे. नापास कॅमेऱ्यांसाठी मागच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर निळी मखमल अंथरलेली. थोरल्या मालकांचा नियमच होता, आजाऱ्याला गादी, धडधाकटाला खोका. दुखावलेल्या यंत्राला आणखी धक्का लागू नये म्हणून.

थोरले गेले, धाकटे आले. धाकट्यांनी जाहिरातीची माणसं आणली, दारात थोरल्यांचा मोठा फोटो लावला आणि त्यांचे नियम तेवढे वाचायचे राहून गेले.

गुरुवारी सकाळी धाकट्यांनी नवा कॅमेरा कानसेनांसमोर ठेवला. शेजारी पाचशे चिठ्ठ्यांचा गठ्ठा. यंदा सही छापूनच आणली होती.

‘‘तुमच्या हाताला त्रास नको, काका. सोमवारी माल बाहेर पडतोय. चिठ्ठी तेवढी घालायची.’’

कानसेनांनी कॅमेरा कानाला लावला. चट्, आणि मागे शेपटी. त्यांनी पुन्हा दाबलं. तीच शेपटी, तेवढीच लांब. स्प्रिंगची शेपटी दर वेळी थोडी वेगळी असते. त्यांनी कॅमेऱ्याच्या तळाला बोट लावलं. आवाज आला, पण बोटाला काहीच कळलं नाही.

‘‘आत पडदाच नाही,’’ ते म्हणाले.

‘‘शटर तयार घेतलंय. अजिबात आवाज न होणारं. आपला आवाज रेकॉर्ड करून आत बसवलाय. बारीक स्पीकर आहे.’’

‘‘तयार कुणाकडून घेतलं?’’

धाकट्यांनी सर्वांत मोठ्या कंपनीचं नाव घेतलं, जरा हळूच.

‘‘म्हणजे ज्यांच्याशी लढायचं, त्यांचंच पोट आपल्या कॅमेऱ्यात.’’

‘‘कवच आपलं आहे ना, काका.’’

‘‘कवच कासवालाही असतं. पण त्याच्या आत कासवच असतं.’’

कानसेनांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर धाकट्यांना बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला पाणी तरी देता येतं.

‘‘रेकॉर्ड केला कोणत्या कॅमेऱ्याचा?’’

‘‘तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा जाहिरातवाल्यांनी सर्वांत चांगला निवडला. तो मखमलीवर ठेवलेला.’’

कानसेन उठले, फळीशी गेले आणि तो कॅमेरा उचलून आणला. दोन्ही कॅमेरे धाकट्यांच्या कानाशी आळीपाळीने वाजवले. धाकट्यांना दोन्ही सुरेख वाटले.

‘‘हा आजारी आहे,’’ कानसेन म्हणाले. ‘‘तुमच्या वडिलांनी आजाऱ्याला गादी दिली. तुम्ही गादी बघून त्याला नवरदेव केलंत.’’

धाकट्यांनी घाम पुसला आणि मग त्यांचा चेहरा उजळला. ‘‘बरं झालं सांगितलंत. एक धडधाकट द्या, आजच पुन्हा रेकॉर्ड करू. चूक मिटली.’’

इथे मात्र कानसेनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांत त्यांनी शेकडो यंत्रं नापास केली होती, पण एकाही यंत्राने त्यांना तोंडावर विचारलं नव्हतं की दुसऱ्याचा आवाज उसना देता का.

‘‘धडधाकट आवाज धडधाकट कॅमेऱ्यात असतो. तो हवा तर तसा कॅमेरा करा. नाहीतर चिठ्ठीवरून माझी सही काढा.’’

‘‘नव्या चिठ्ठ्या छापायला आठ दिवस लागतील. सोमवार आहे, काका. आणि चिठ्ठीशिवाय कोण घेणार?’’

‘‘मग चिठ्ठीवर मी काय ऐकलं ते असू दे.’’

ते टेबलाशी बसले. गठ्ठ्यातली पहिली चिठ्ठी ओढली, छापील सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘कानाने तपासला. आत पडदा नाही. नापास.’ त्याखाली हाताने सही केली. मग दुसरी. मग तिसरी. अक्षर वळणदार होतं. रागात त्यांचं अक्षर नेहमी सुधारत असे.

धाकटे आधी हसले, मग विनवू लागले, मग त्यांनी वडिलांचं नाव काढलं. शेवटी समोरच्या स्टुलावर बसून नुसते बघत राहिले. चिठ्ठ्यांचा एक ढीग उतरत होता, दुसरा चढत होता.

एकशेबाराव्या चिठ्ठीवर पेनाची शाई संपली. कानसेनांनी मान वर न करता हात पुढे केला. धाकट्यांना लहानपणापासून या टेबलाशी मागितलेली वस्तू मुकाट्याने देण्याची सवय होती. त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं.