ताटात डोकावणाऱ्या आंटी

आंटींना लोकांच्या ताटात डोकावायची खोड होती. नाशिकच्या एका मॉलमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या रांगेत त्यांचा अगदी शेवटचा स्टॉल. वाढून दिलं की पाच मिनिटांत ओढणीला हात पुसत टेबलांमधून फिरायच्या आणि कुणाच्या ताटात काय उरलंय ते बघायच्या. स्टॉलवाल्यांनी बसायच्या जागेत येऊ नये, असं मॅनेजरने दोनदा बजावलं होतं. आंटी म्हणाल्या, "मग मीठ बरोबर पडलं का, ते कळणार कसं?"

मी तेव्हा त्याच मॉलमध्ये चपलांच्या दुकानात होते. जेवायला अर्धा तास, तो आंटींच्या स्टॉलवर. माझा एक डोळा कायम घड्याळावर. "बेटा, गिऱ्हाईक पळून नाही जात. चावून खा," असं म्हणायच्या, पण मी कितीही बसा म्हटलं तरी स्वतः दोन मिनिटं बसतील तर शपथ. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच उठायच्या.

आंटी पंजाबी, पण जन्म नाशिक रोडचा, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच; चिडल्या की मात्र हिंदी. आणि स्टॉलवरचं पंजाबी जेवण म्हणजे त्यांच्या घरात शिजतं तेच: राजमा, कढी-पकोडा, मुळ्याचे पराठे, नाहीतर दुधी. आपल्याकडे पंजाबी म्हणजे लाल ग्रेव्ही आणि त्यात पनीर, इथेच ज्ञान संपतं. एक काका सहकुटुंब आले आणि दुधीची भाजी बघून म्हणाले, "ही तर आमची मंडळीसुद्धा करते."

"फिर तो किस्मतवाले हो आप," आंटी म्हणाल्या. काका डोशाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

असे बरेच जण जायचे. दिवाळीनंतर करार संपणार होता. गर्दी दिसली नाही तर जागा दुसऱ्याला, असं मॅनेजरने सांगून टाकलेलं. मला राहवेना. दिवसभर लोकांना हवे तेच बूट काढून द्यायची सवय; म्हटलं, "आंटी, पनीर बटर मसाला ठेवा ना. सगळे तेच मागतात."

"आमच्या घरी ते कुणी करत नाही गं. लग्नात खातो."

"म्हणून काय झालं?" मी घाईघाईत म्हणाले आणि हात धुवायला पळाले.

आठवड्याभरात पनीर आलं. मग रांग आली. राजमा बंद झाला, दुधी गेला, शेवटी कढीही. त्या दिवशी आंटी बाहेर आल्या, सगळी टेबलं फिरल्या. लोकांनी ताटं नानने पुसून घेतली होती. मी खुशीत म्हटलं, "बघा, थेंबभरसुद्धा उरलं नाही."

"हो, पहिल्यांदाच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या बाहेर आल्याच नाहीत. आत स्टुलावर बसून असायच्या. इतकी वर्षं ज्यांना बसा बसा म्हणत होते, त्यांना बसलेलं मला बघवेना.

करार वाढला तेव्हा मी पेढे नेले. त्यांनी एक घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जागा राहिली, बेटा. आता इथं कुणीही चालेल." महिन्याभरात स्टॉल पुतण्याकडे देऊन त्या लुधियानाला बहिणीकडे निघून गेल्या.

स्टॉल अजून आहे, रांगही आहे. आंटींनी मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला स्वस्थ बसू देत नाही.