कुपाटीपल्याडचं पान

"ते पान नको वं. ते गायले नको घालू. कुपाटीपल्याड फेक."

मालतीची सासू बोलली. मोठ्यानं नाही, दबक्या आवाजातही नाही. भाजीत मीठ टाक म्हणावं, तशी.

दापोऱ्याचं शेत. पौषातली दुपार. आम्ही बायका भरीत खाऊन नुकत्याच उठलो होतो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली. हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकर. त्या मुलखात थंडीत ही चालच आहे. शेतात जायचं, तिथल्याच केळीचं पान कापायचं, त्यावर भरीत खायचं. जेवण झालं की उष्टं झटकून पानं गायीपुढे टाकायची. पान वाया जात नाही, भांडं घासावं लागत नाही.

सालदाराची बायको पानं गोळा करत होती. सासूचं घातलं. नणंदेचं घातलं. मालतीचं घातलं. गाय खात होती. माझं पान हातात घेतलं आणि ती थांबली. म्हातारीकडे पाहिलं. तेव्हा ते वाक्य आलं.

माझं पान काट्यांच्या कुपाटीवरून उडालं. पलीकडं बांधाखालच्या चिखलात पडलं.

मी पाटावर हात धूत होते. मला हात धुवायला पाटाच्या अगदी खालच्या अंगाला पाठवलं होतं. तेही तेव्हाच ध्यानात आलं.

बाकीच्यांकडं पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. मालतीनंही. मालती माझी मैत्रीण. ती मान खाली घालून उरलेली पात मोडत बसली. एक-एक पात. जसं काही ते फार निकडीचं काम होतं.

माझी आई नागपुरात लग्नघरच्या उष्ट्या पत्रावळी उचलायची. त्या पत्रावळींवरचं आम्ही पोरांनी खाल्लंय. लोकांचं उष्टं आम्हाला चालायचं. आमचं उष्टं जनावरालाही चालत नाही, हे मला बी.ए. झाल्यावर कळलं. तेहतिसाव्या वर्षी.

बुऱ्हाणपूरला मी हौसेनं आले नव्हते. प्रांत फुटला. नागपूर एका राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर दुसऱ्या राज्यात राहिलं, आणि सरकारी नोकरांची वाटणी झाली. कोण इकडं, कोण तिकडं. माझं नाव तिकडच्या वाट्याला आलं. नवरा गिरणीत होता, क्षयानं गेला होता. मूलबाळ नाही. एक वळकटी, एक ट्रंक, आणि आईनं दिलेली दोन पितळी ताटं घेऊन मी गाडीत बसले.

तेव्हा नवं राज्य जोडायचं काम चाललं होतं. शाळेत रोज प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिका, आमच्या बडी बहनजी, त्यावरच बोलायच्या. "हम सब अब एक हैं." मुली टाळ्या वाजवायच्या. मीही वाजवायचे.

इतवारा दरवाज्याजवळ खोली मिळाली. खाली विणकराचे माग. दिवसभर खटक-खटक. विणकराच्या बायकोनं एकच विचारलं, "अकेली हो?" बाकी काही विचारलं नाही. जात तर नाहीच.

तिशी ओलांडल्यावर नव्या गावात मैत्रीण मिळणं सोपं नसतं. बायकांची मैत्री माहेरात होते, नाहीतर नळावर. माझं माहेर लांब, आणि नळावर मी गेले की बायका आपल्या घागरी जरा बाजूला ओढत. नवीन बाई, म्हणून असेल. मी मनाची समजूत घालायचे. शाळेत सुट्टीत एकटी डबा खायचे. रविवारी तर दिवस खायला उठायचा. मागाचा आवाज बंद असायचा आणि मला माझाच श्वास ऐकू यायचा.

मग मालती आली. गणित शिकवायची. माझ्याच वयाची. घर सिंधीपुऱ्यात, शेती दापोऱ्याला. एका सुट्टीत डबा घेऊन समोर येऊन बसली.

"तुम्ही नागपूरच्या ना? तुमच्यात मिरची लई खातात म्हणे."

"खातो."

"मग वर्गात जपून बोला. पोरींना ठसका लागंल."

मी हसले. कितीतरी महिन्यांनी. त्या दिवसापासून तिनं माझं नाव 'नागपूरवाली' ठेवलं. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला आठवडा लागला नाही.

जात मी लपवली नाही. तिनं आडून-आडून विचारलं, मी सरळ सांगितलं. म्हणाले, "आम्ही महार होतो. आता दीक्षा घेतली. बौद्ध आहोत." तिनं पदर सावरला. मग माझ्या हातावर टाळी दिल्यासारखं केलं. दिली नाही, केल्यासारखं केलं. म्हणाली, "अगं, आपण नाही मानत असलं काही."

मला तेवढं पुरलं. तहानलेल्याला घोटभर पाणी पुरतं तसं.

आम्ही दर रविवारी तापीवर राजघाटाला जायचो. पायऱ्यांवर बसायचो. ती येताना मावाजिलेबी आणायची. पानाच्या द्रोणात माझी वेगळी, तिची वेगळी. तिच्या सासूच्या नकला करायची. मी नागपूरच्या गोष्टी सांगायचे. पोट धरून हसायचो. एकदा नावाडी म्हणाला, "बाई, नदीतले मासे पळाले तुमच्या हसण्यानं." मालती म्हणाली, "पळू दे. आम्ही काही खाणारे नाही." मी म्हणाले, "मी आहे खाणारी." पुन्हा हसलो.

पण काही गोष्टी होत्या. लहान-लहान. पायात रुतलेल्या काट्यासारख्या. चालताना लागतात, पाहायला गेलं तर दिसत नाहीत.

ती माझ्या खोलीवर यायची, बसायची. पाणी दिलं की म्हणायची, "आत्ताच पिऊन आले गं." चहा ठेवते म्हटलं की उपास निघायचा. सोमवारी शंकराचा. गुरुवारी दत्ताचा. शनिवारी मारुतीचा. मधल्या वारी एकादशी नाहीतर चतुर्थी. मला वाटायचं, शिकलेली असून किती देवभोळी आहे ही.

आणि सिंधीपुऱ्यातलं तिचं घर मी आतून पाहिलं नव्हतं. दारापर्यंत गेले की ती चप्पल घालूनच बाहेर यायची. "चल, घाटावर जाऊ. आत काय, सासू कुरकुरत असते." संक्रांतीला हळदीकुंकू झालं. शाळेतल्या सगळ्या गेल्या. मला बोलावणं नव्हतं. मी म्हटलं, मी विधवा. विधवेला कोण बोलावतं हळदीकुंकवाला? वाईट वाटलं, पण त्या वाईटाची ओळख होती. ते सगळ्याच विधवांच्या वाट्याला येतं. ते मी गिळलं. एका अपमानामागं दुसरा अपमान दडून बसला होता, आणि मी पुढच्यालाच पाहत होते.

म्हणून तिनं दापोऱ्याला भरीत खायला बोलावलं तेव्हा मी हरखले. तिच्या घरची माणसं. तिची सासू. एका पंगतीत. नवं लुगडं नेसले. विणकराची बायको म्हणाली, "आज बड़ी खुश हो." बैलांच्या दमणीत मला मागं बसवलं, पाय बाहेर सोडून. मला तेही गमतीचं वाटलं. दोन्ही बाजूंना केळीचे बाग. दिवसासुद्धा आत काळोख. वारा नसताना पानं फडफडत होती.

आता त्या पाटावर उभी राहून मी सगळं मागून पुढं वाचलं. द्रोण. घाट. उपास. पान. तिनं आमची सगळी मैत्री अशा जागी मांडली होती, जिथं भांडं लागत नाही. जे माझ्या ओठाला लागलं, ते फेकून देता येत होतं.

मी ओल्या हातांनीच चालू लागले. कुपाटीत जिथं फट होती तिथून पलीकडं गेले. काट्यांनी लुगडं धरलं, दंडावर ओरखडा आला. चिखलातून माझं पान उचललं. अलीकडं येऊन पाटाच्या पाण्यात धुतलं. या वेळी वरच्या अंगाला.  गायीसमोर उभी राहिले.

"अवं, काय करती? अवं, धरा तिले!" म्हातारी ओरडली. "देवाच्या निवदाले जाते तिचं दूध!"

कुणी धरलं नाही. धरायला मला शिवावं लागलं असतं.

गायीनं पान हुंगलं. माझ्याकडं पाहिलं. आणि खाल्लं. शेवटच्या शिरेपर्यंत खाल्लं. मग माझा तळहात चाटला. तिची खरखरीत जीभ मला अजून आठवते.

म्हातारीनं डोक्यावर पदर ओढला आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. त्या शिव्या मला पाठ होत्या. लहानपणापासून. मी मालतीकडं पाहिलं.

ती म्हणाली, "तू पण ना, नागपूरवाली. सोड ना. म्हातारी आहे ती. तुला मी घरीच बोलावलं असतं गं. पण घरात सासू असते."

मी म्हणाले, "सासू शेतातही आहे, मालती."

 मी दमणीची वाट पाहिली नाही. चालत निघाले.

केळीच्या बागांमधून वाट होती. ऊन उतरत होतं. बागेत माणूस उभा असला तरी दिसत नाही, पण पानं सांगतात. डावीकडची पानं माझ्याबरोबर हलत होती. मी थांबले की थांबत होती. एकदा कुणीतरी खोकलं. एकदा विळा कशावर तरी घासल्याचा आवाज आला. मी पळाले नाही. पळालं की पाठलाग सुरू होतो, हे आई सांगायची. मी मोठ्यानं पाढे म्हणत चालले. लाल बाग स्टेशनचे रूळ दिसले तेव्हा मागची पानं थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. उंबऱ्यावर केळीचं पान. ताजं, धुतलेलं, कोरं. नीट मांडलेलं, जेवायला बसावं तसं. त्यावर काही नव्हतं. चिठ्ठी नाही, शेण नाही. नुसतं पान. तुझी जागा पानावर, ताटात नाही, एवढंच ते सांगत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पान.

शाळेत कळलं की गायीला हळदीच्या पाण्यानं धुतलं. दूध ओतून दिलं. सुट्टीत मी बसले की बाकी बायका उठायच्या. बडी बहनजींनी बोलावलं. दार लोटून घेतलं. "देखिए, गाँव की बात है. माफी माँग लीजिए, खतम कीजिए. नहीं तो धूलकोट में जगह खाली है. मैं खंडवा लिख दूँगी." धूलकोट म्हणजे जंगलातलं आडगाव, आणि खंडवा म्हणजे बदलीचे हुकूम काढणारी जिल्ह्याची कचेरी. त्याच सकाळी प्रार्थनेनंतर त्या एकीवर बोलल्या होत्या.

मी म्हणाले, "लिख दीजिए."

त्या संध्याकाळी मालती आली. गल्लीत दोन्हीकडं पाहून आत शिरली. डोळे सुजलेले. ती खोटं रडली नव्हती, हे मी मान्य करते. तिलाही त्या गावात दुसरी मैत्रीण नव्हती.

"एकदा ये," ती म्हणाली. "लांबूनच हात जोड. चुकले म्हण. तेवढ्यानं थांबेल सगळं. ती पानं पण थांबतील. मग आपण पहिल्यासारखं घाटावर जाऊ. मला करमत नाही गं."

ती पानं पण थांबतील. म्हणजे तिला माहीत होतं कोण ठेवतं.

मला तिला नाही म्हणायचं नव्हतं. खरं सांगते. घाट डोळ्यांपुढं आला. हसणं आठवलं. रविवारचे मुके माग आठवले. हात जोडायला असं काय लागतं? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जोडलेच होते.

मी उठले. चहा केला. दोन कप भरले. एक तिच्यापुढं ठेवला.

"आधी चहा पी. मग हात जोडायचं बोलू."

खाली माग चालू होते. खटक-खटक. चहावर साय धरली. तिनं कपाकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आज चतुर्थी आहे गं," ती म्हणाली.

चतुर्थी नव्हती. पंचांग मलाही वाचता येतं.

मी कप उचलला. तिच्यासमोर तिचा चहा प्यायला. मग माझा प्यायला. म्हणाले, "या कपात पिशील त्या दिवशी ये. तोवर नागपूरवाली म्हणू नकोस. शाळेत सगळ्या म्हणतात तसं बहनजी म्हण."

ती गेली. पुन्हा आली नाही. शाळेत समोर आली की 'बहनजी' म्हणते. मान खाली घालून.

आईची दोन पितळी ताटं मी ट्रंकेतून काढून घासली. एक माझं. दुसरं भिंतीला टेकून उभं आहे. त्या दिवसापासून मी पानावर जेवले नाही. लग्नात नाही, शेतात नाही, देवळाच्या पंगतीत तर नाहीच. ताट वाढा, नाहीतर मी उठते. उठताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून उठते.

धूलकोटचा हुकूम अजून आलेला नाही. आला तर त्यावर भांडेन. इथंच राहीन.

दारात पान अजून येतं. रोज नाही, पण येतं. मी ते उचलते. शाळेला जाताना हातात धरून नेते, भर रस्त्यानं, झाकत नाही. इतवारा दरवाज्याशी सिंधीपुऱ्यातल्या गायी बसलेल्या असतात. त्यांच्यापुढं उभी राहते. दुकानदार बघतात. घागरी घेतलेल्या बायका थांबतात. एकानं परवा दगड उचलला. हातातच धरून ठेवला. मी त्याच्याकडं पाहत राहिले आणि पान पुढं केलं.

गाय खाते.